दादांचं दुखणं आणि आमचं घर

माझ्या सासऱ्यांना, दादांना, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे आणि आम्ही त्यांना घरीच सांभाळतो. गोव्यात सावईवेऱ्याला आमचं जुनं घर, मागे कुळागर म्हणजे सुपारीची बाग, परसात विहीर. नवरा वेर्ण्याला कामाला, तो दिवेलागणीनंतरच घरी पोचतो. दिवसभर दादा आणि मी. "म्हातारपणी असं व्हायचंच" म्हणणारे खूप भेटले, "कुठेतरी ठेवा त्यांना" म्हणणारेही भेटले. दोघांनाही मला एकच सांगायचं असतं: दादा जे काही विचित्र वागतात त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते सापडलं की निम्मं काम होतं.

सुरुवात पैशांपासून झाली. बागेतली सुपारी विकल्याचे पैसे मिळालेच नाहीत म्हणून दादा तावातावाने फोंड्याला जायला निघाले. पावती त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात होती, पैसे बँकेत जमा झाले होते. आयुष्यभर ज्याचा हिशेब तोंडपाठ, त्या माणसाचं हे पाहून आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलो. आधी रक्त तपासलं, कारण थायरॉइड बिघडलं किंवा बी12 जीवनसत्त्व कमी झालं तरी विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. मग मेंदूचा स्कॅन. डॉक्टरांनी कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. दादांनी वर्तुळ नीट काढलं आणि सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक लिहिले. मग ते कागदाकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

निदान अल्झायमरचं झालं, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार. डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. तिने आजार बरा होत नाही, काहींची लक्षणं काही काळ सावरतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नाडी मंद होऊ शकते म्हणून आधी ईसीजी काढला. कागदपत्रांचं मात्र कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. माणसाला समजून सही करता येते तोवरच बँकेचं खातं, नॉमिनी, इच्छापत्र मार्गी लावा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते अधिकार संपतात. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो. रुग्णाला रांगेत उभं करू नका.

सगळ्यांत जड गेली ती आंघोळ. सुनेने सासऱ्यांना न्हाऊ घालायचं म्हणजे त्यांनाही संकोच. एका संस्थेमार्फत माणूस ठेवला. मुलगा वाईट नव्हता, पण हिंदीच बोलायचा आणि घाईत असायचा. शॉवर सुरू केला की दादा "हो माका बुडयता!" (हा मला बुडवतोय) म्हणून ओरडायचे आणि त्याचा हात झटकायचे. "पेशंट मारकुटा आहे" असं सांगून संस्थेने त्याला काढून घेतलं. मला ते फार लागलं. दादांनी उभ्या जन्मात कोणावर हात उगारला नव्हता.

नंतर आला तो आमच्याच वाड्यावरचा, पूर्वी कुळागरात काम केलेला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी शॉवरला हात लावला नाही. मागच्या न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ केला, दादांना जवळ बसवून धूर दिसू दिला, आणि म्हणाला, "दादा, उदक तापलां. चलात." दादा उठले. त्याने आधी पायांवर पाणी घातलं, मग हातांवर, तांब्या दादांच्याच हातात दिला. डोक्यावरून त्यांनी स्वतः ओतून घेतलं. इतकी वर्षं ते असेच तर न्हात होते. वरून अचानक कोसळणारं पाणी त्यांना कळतच नव्हतं. मग आम्ही न्हाणीत बसायला खुर्ची आणली, भिंतीला दांडा बसवला आणि जाळाभोवती आडोसा केला, एवढंच.

विहिरीवर लोखंडी जाळी आली. मागच्या दाराला कडी अगदी वर लावली, कोयते-विळे कुलपात गेले. संध्याकाळी उजेड उतरला की त्यांची घालमेल सुरू होते, घरातच असून "घरा वता" (घरी जातो) म्हणतात. तेव्हा "हेच तुमचं घर" असं समजावून काही होत नाही. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावते, ओसरीवरचा आरसा झाकते आणि सुपात सुपाऱ्या घालून निवडायला पुढ्यात ठेवते. बरी एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. बोटांना ते काम अजून नेमकं ठाऊक आहे. मी समोरच बसते, कारण एखादी तोंडात जायची भीती असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांत दादा पार बदलले. दिवसभर ग्लानी, रात्री आरडाओरडा, मला ओळखेनात. "आजार वाढला" असंच सगळे म्हणाले. निघाला मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि औषधाने दादा बरेचसे पूर्ववत झाले. हा आजार हळूहळू वाढतो. बदल असा अचानक झाला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. शांत करायच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. त्यांतल्या काहींनी अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि सांभाळणारीचं काय? माझी झोप उडाली, पाठ धरली. गोव्यातच 81 कुटुंबांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झालाय. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन सल्ला आणि आधार देत, आणि त्यामुळे सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. हे मी नवऱ्याला आणि म्हापशाच्या नणंदेला वाचून दाखवलं. तेव्हापासून नणंद शनिवारी येते ती रविवारी संध्याकाळी जाते, आणि रात्रीचं उठणं नवऱ्याकडे. चवथीला पाहुणे एकदम न येता दोघे-दोघे येतात, हेही तिनेच सगळ्यांना फोन करून ठरवलं.

आता दादांना गिळायला वेळ लागतो. पेज दाट करते, ताठ बसवून लहान चमच्याने भरवते आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं होऊ देत नाही. पुढे अंथरुणाला खिळले तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल. ते कसं करायचं हे वाड्यावरचा तो माणूस आणि मी आत्ताच नर्सकडून शिकून घेतोय.