'ग' कुठं गेला?

"मामा, कमचं केम, ईटचं एट, मग गोचं वेंट कसं? त्यातला ग कुठं गेला?"

रंकाळ्यावर भेळ खाता खाता भाच्यानं टाकला बॉम्ब. क्लासचे सर म्हणे म्हणाले, पाठ कर, डोकं खाऊ नको.

अहो पण प्रश्न एक नंबर आहे की! वेंट मुळात गोचा नाहीच, तो वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. सेंडचं सेंट, स्पेंडचं स्पेंट, तसं वेंडचं वेंट. वेंड म्हणजे आधी वळणं, मग जाणं. गोला जुन्या इंग्रजीत स्वतंत्र भूतकाळ होता, पण तो मागं पडत गेला आणि १५व्या शतकाच्या सुमारास वेंट त्याच्या जागी दत्तक येऊन बसला (कोल्हापूरच्या गादीला दत्तक काय नवीन नाही म्हणा), आणि बिचाऱ्या वेंडला नवीन वेंडेड करून घ्यावं लागलं, आता त्याला विचारतंय कोण.

एवढं ऐकून पोरगं म्हणतंय, इंग्रजी येडीच भाषा हाय.

म्हटलं थांब लेका. आज जातो, उद्या जाणार, आणि काल? गेलो. आता ज कुठं गेला? जातो आलंय संस्कृत याति वरनं, गेलो गत वरनं, दोन वेगळे धातू एकाच घरात नांदतायत. मराठीच्या तासाला हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही, मराठीला कोण शंका विचारतंय.

पठ्ठ्या आता म्हणतोय गुडचं बेटर कसं. घ्या, कोण सांगतंय?