दोष डिपरचा नव्हता

अंबा घाटात समोरून ट्रक आला म्हणून डिपर, म्हणजे हेडलाइटचा उजेड लांबचा-जवळचा करणारा स्विच, दाबला आणि दोन्ही हेडलाइट एकदम विझले, ही तक्रार घेऊन एक पांढरी अँबॅसिडर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये आली. गाडी मार्क टू, मालकांच्या वडिलांनी घेतलेली. बॅटरी बदलून झाली होती, बल्ब बदलून झाले होते, आणि आता डिपरचा स्विच बदलायचा, हे निदान मालक घरूनच करून आले होते. तोपर्यंत एकाही मिस्त्रीने व्होल्ट मोजायचा मीटर लावला नव्हता. आमच्या धंद्यात हल्ली तपासण्यापेक्षा बदलणेच अधिक चालते, कारण गिऱ्हाइकाला नव्या पार्टचे बिल पटते, मोजमापाची मजुरी पटत नाही.

या गाडीचा डिपर हाताशी नसून क्लचच्या डावीकडे, पायाखाली असतो. चपलांचा चिखल आणि कार्पेटमध्ये मुरलेले पाणी त्याच्या वाट्याला येते, त्यामुळे संशयही आधी त्याच्यावरच जातो. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली असल्याने वायरिंगचे रंग ब्रिटिश पद्धतीचे आहेत: लाइटच्या स्विचकडून निळी वायर डिपरवर येते, तेथून निळी-पांढरी अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला, आणि निळी-तांबडी जवळच्या उजेडाला जाते, त्यालाही आम्ही डिपरच म्हणतो. वायरीवरचा मळ पुसून रंग ओळखले, इंजिन चालू ठेवले, अप्पर लावला आणि मोजले. बॅटरीवर १३.२ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम साडेदहा. मीटरची एक पिन डिपरच्या येणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी जाणाऱ्या टर्मिनलला लावली, तेव्हा त्या एवढ्याशा स्विचमध्येच १.४ व्होल्ट अडकलेले दिसले. १४ अँपिअरच्या आसपास करंट धरला तर ही सुमारे २० वॅटची उष्णता झाली, म्हणजे पायाखाली एक छोटा सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवल्यासारखेच.

एवढा करंट आला कोठून, याचे उत्तर बल्बवर छापलेले होते. कोणीतरी १००/९० वॅटचे, म्हणजे अप्परला १०० आणि डिपरला ९० वॅट घेणारे, हॅलोजन बसवले होते. ४५/४० च्या बल्बना दोन्ही मिळून साडेसात अँपिअर पुरतात. यांना पुरे १२ व्होल्ट मिळाले तर सतराच्या घरात लागतात, आणि मध्ये रिले (स्विचच्या छोट्या करंटवर चालून बल्बचा मोठा करंट स्वतः जोडणारा स्विच) नसल्याने तो सगळा भार स्विचच्या पितळी पट्टीतून जात होता.

डिपर खोलला. बेकलाइटची चकती रिव्हेटभोवती काळी पडली होती, रिव्हेट बोटाने हलत होते आणि उष्णतेने स्प्रिंगचा ताण गेला होता. त्यामुळे फिरणारा कॉन्टॅक्ट अप्पर सोडून डिपरवर पोचण्याऐवजी मध्येच थांबत होता, आणि मध्ये थांबला की अंधार. बाजारातल्या नव्या डिपरची पत्र्यासारखी पातळ पट्टी पाहिल्यावर जुनाच दुरुस्त करायचे ठरवले. पंचाने रिव्हेट पुन्हा आवळले, टर्मिनलची पट्टी रिव्हेटला झाळली, कॉन्टॅक्ट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पुसण्यापुरतेच घासले, तेवढ्याच जाडीच्या तारेची स्प्रिंग घातली आणि पेट्रोलियम जेलीचा हलका हात दिला. ४५/४० चे बल्ब लावून मोजले तेव्हा डिपरमध्ये ०.१ व्होल्टही अडकत नव्हता. या कामाचा मला अभिमान आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

खरा पेच पुढे आला. मालकांना घाटासाठी भरपूर उजेड हवा होता, पण रिले नको होता, कारण जुन्या गाड्यांच्या रॅलीत बॉनेट उघडल्यावर काहीही नवे दिसता कामा नये. शिवाय मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटना फ्यूजच नाही. यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण फ्यूज उडाला तर चालत्या गाडीत रात्री पूर्ण अंधार होईल. परंतु वायर शॉर्ट झाली तर ती जळेपर्यंत करंट थांबवणारेही कोणी नाही. मी चार स्वतंत्र फ्यूज सुचवले, डाव्या-उजव्या दिव्याच्या अप्पर आणि डिपरला एकेक, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो. रिले डॅशबोर्डच्या आत लपवण्याचीही तयारी दाखवली. “मिस्त्री, गाडी जशी होती तशीच द्या,” एवढेच ते म्हणाले.

तशीच दिली. परवा त्यांचा फोन आला की उजेड कमी पडतो, शंभरचेच बल्ब पुन्हा लावून द्या. रिले आणि फ्यूज बसवू देणार असाल तरच गाडी आणा, असे मी सांगितले. मी नाही म्हटले तरी कोपऱ्यावरचा दुकानदार तेच बल्ब दहा मिनिटांत लावून देईल, हे मला ठाऊक आहे.