कुलाबा किल्ल्याची सहल: वार नंतर, तिथी आधी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर शाळेची सहल न्यायची ठरली की आधी वार ठरतो, मग बस, मग डबे. ओहोटी किती वाजता, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. इथे हा क्रम उलटाच हवा. भरतीत हा किल्ला बेट असतो आणि चालत जायची वाट फक्त ओहोटीतच उघडी पडते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यानंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं धरली की नऊ-सव्वानऊला ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं.

या हिशेबाने अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराच्या सुमारास येते. वेळ सहलीला सोयीची, म्हणून नेमका तोच दिवस धरला जातो आणि तिथेच चुकतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, आणि पूर्ण ओहोटीतही वाटेत पाणी राहू शकतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी लांबवर ओसरतं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणून मुलांसाठी तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. पाणी चांगलं ओसरलेलं असतं आणि सकाळची ओहोटी साधारण सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान येते.

पाऊणपटीचा उपयोग फक्त दिवस निवडण्यापुरता. पक्की वेळ त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. मुंबईचा तक्ता इथे चालतो. वेळेबरोबर पाण्याची उंचीही बघा, कारण एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. आणि निघायच्या आधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. ते रोज त्याच वाळूतून जातात.

ओहोटी नऊची असेल तर पावणेआठला किनारा सोडायचा आणि पावणेदहाला शेवटचा मुलगा महादरवाज्याबाहेर हवा. यात सूट नको. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. पहिल्या तासात काहीच फरक दिसत नाही, म्हणून लोक तटावर रेंगाळतात. मग सखल वाळू आधी भरते आणि समोर कोरडा पट्टा दिसत असतानाच मधली वाट बुडालेली असते. जून ते सप्टेंबर तर हा बेतच नको.

पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत. साध्या चपला ओल्या वाळूत रुतून निघतात, आणि अनवाणी जावं तर खडकावरच्या कालवांच्या धारेने पाय कापतो. शेवाळ आलेल्या दगडावरून कुणालाही पळू देऊ नका. प्रत्येकाकडे लिटरभर पाणी, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि मोजणी दोनदा: आत जाताना व बाहेर पडताना, दोन्ही वेळा महादरवाज्यातच. स्वच्छतागृहाची सोय किनारा सोडण्याआधी उरकून घ्या.

आत दीड तास मिळतो. सगळं दाखवायचा हट्ट नको. महादरवाज्यावरचे मोर, हत्ती, वाघ मुलांना स्वतः शोधू द्या. मग तटाशी न्या आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात बोटं घालायला सांगा. चुना लागत नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालेलं आणि संभाजी महाराजांनी पूर्ण केलेलं हे बांधकाम मुलांना बोटांनी कळतं. आम्हाला तरी या किल्ल्यावरची ही सर्वांत मोलाची जागा वाटते.

कान्होजी आंग्रे यांची गोष्ट इथेच सांगावी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही. पुढचं सिद्धिविनायकाचं मंदिर राघोजी आंग्रे यांच्या काळातलं, १७५९ चं. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यावरची शिबंदी, म्हणजे पहाऱ्याचं सैन्य, कशावर तगली, याचं उत्तर तिथे आहे.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. मुलं धावत तिकडेच जातात आणि बरोबरचं कुणीतरी त्या शिवकालीन असल्याचं सांगून मोकळं होतं. त्या इंग्रजी बनावटीच्या आहेत. त्यांच्यावरची अक्षरं मुलांनाच वाचायला लावा: लो मूर, यॉर्कशायर, इंग्लंड. सरजेकोट हा शेजारचा छोटा किल्ला तिथूनच दिसतो. पण घड्याळात साडेनऊ झाले असतील तर तो तटावरूनच दाखवा आणि मुलांना दरवाज्याकडे वळवा.