मंगळवारी वॉल्व्ह उघडत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून तक्रार आली ती अशी : ‘तुमची पेटी मंगळवारी सकाळी वाळूत पाणी सोडत नाही. बाकी आठवडाभर झकास.’ वार बघून रुसणारं यंत्र म्हटल्यावर ऑफिसात हशा पिकला. मला उलट बरं वाटलं. बिघाडाला वार आहे म्हणजे कारणही आहे. कधीतरी, कुठेतरी होणारे बिघाड जीव खातात.

आमची पेटी म्हणजे वाळूत किती पाणी सोडायचं ते सांभाळणारा छोटा संगणक. ती सँड प्लँटमधल्या मुलरवर, म्हणजे वाळू मळणाऱ्या यंत्रावर बसते. साच्याची वाळू म्हणजे वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी. पाणी कमी पडलं की साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू कास्टिंगमध्ये शिरते. जास्त झालं की वाफ होऊन कास्टिंगमध्ये पोकळ्या, म्हणजे ब्लो होल पडतात. हे पाणी सोडणारा वॉल्व्ह किती उघडायचा, ते आमच्या चिपमधला एक हार्डवेअर टायमर ठरवतो. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम ३३५एक्स, बीगलबोन ब्लॅकवर असते तीच. टायमर २४ मेगाहर्ट्झवर मोजत जातो, ठरलेल्या आकड्याला पिन खाली, भरून उलटला की पिन वर. सेकंदाला अशा शंभर लहरी. त्यातला वरचा भाग जेवढा लांब, तेवढा वॉल्व्ह उघडा.

मंगळवारी पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची पहिली खेप निघायच्या आत मी तिथं पोचलो. सँड प्लँटवर आप्पा. वाळूची मूठ वळून, मोडून बघायची आणि सांगायचं, यातच त्यांचं आयुष्य गेलंय. स्क्रीनवर वॉल्व्ह ४२ टक्के उघडा दिसत होता, पाइपातून थेंब नव्हता. आप्पांनी मूठ उघडून दाखवली, वाळू बोटांतून सांडली.

“बघा की सर. आन एक गंमत सांगतो. बेचाळीसचं त्रेचाळीस केलं की पाणी सुटतंय. मग परत बेचाळीस करा, तरी चालतंय. पण पयल्यांदा बेचाळीसवरच ओके दाबत बसला, तर दिवसभर काय बी हुत न्हाई.”

निम्मं निदान आप्पांनीच केलं होतं. आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे पेटीतल्या लिनक्सच्या गाभ्यात, पीडब्ल्यूएमचा (त्या लहरींचा) सामायिक थर आधी आपल्याकडची नोंद बघतो. मागितलेली स्थिती आणि नोंदलेली स्थिती एकच असेल, तर ड्रायव्हरला, म्हणजे टायमर हाताळणाऱ्या कोडला, हाकसुद्धा मारत नाही. हजेरीपुस्तकात सही आहे म्हणजे माणूस कामावर आहे, असा हिशेब. त्रेचाळीस मागितल्यावर फरक पडतो, हाक ड्रायव्हरपर्यंत जाते, ड्रायव्हरला टायमर बंद सापडतो आणि तो सगळं नव्याने मांडून चालू करतो.

माणूस जागेवर नाही याची खात्री तेवढी करायची होती. त्यासाठी आप्पांना स्क्रीनला हात लावू दिला नाही. ते कुरकुरले, पण थांबले. लॅपटॉप जोडून टायमरचे रजिस्टर, म्हणजे त्याच्या आतले आकड्यांचे कप्पे वाचले. टीसीएलआर, म्हणजे टायमरचं नियंत्रण रजिस्टर, चालू असताना हेक्समध्ये १८४३ दाखवतं. तिथं शून्य. मोजणी कुठून सुरू करायची ते सांगणारं टीएलडीआर शून्य, जुळणीचं टीएमएआर शून्य. नुकतीच वीज दिल्यासारखा कोरा टायमर.

आता वाराचं कोडं. या फाउंड्रीची सुट्टी सोमवारी. पेटीचा मेन स्विच पाडला की पेटी बॅटरीवर येते आणि बॅटरी वाचवायला झोपते. पण झोपा दोन. वीज थोडा वेळ गेली तर हलकी झोप, म्हणजे स्टँडबाय. त्यात चिपच्या पेरिफेरल विभागाचं (आमचा टायमर यातलाच) नुसतं क्लॉक थांबतं, रजिस्टर जिथल्या तिथं. रात्री दोन पाळ्यांच्या मधल्या वेळातही तेवढंच. वीज बराच काळ आली नाही तर मात्र पेटी डीपस्लीपमध्ये जाते आणि त्या विभागाची वीजच काढून घेतली जाते. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय, या झोपेत त्या विभागातली रजिस्टरची माहिती जाते, ती आधी मेमरीत जपून ठेवणं हे सॉफ्टवेअरचं काम. जागं राहतं ते आरटीसी, म्हणजे तारीख-वेळेचं घड्याळ, आणि वेकअप विभागातलं : पहिला जीपीआयओ (बाहेरच्या खुणा घेणाऱ्या पिनांचा गट), टायमर शून्य आणि एक. वीज परत आल्याची खूण त्या जीपीआयओवर येते, म्हणून पेटी उठते बरोबर. उठून बघते तर हात जागेवर नाहीत. डीपस्लीपची वेळ आठवड्यात एकदाच येते, सोमवारी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते करून बघितलं. आरटीसीवेक या कमांडने मिनिटभर स्टँडबाय दिलं, उठल्यावर १८४३. मिनिटभर डीपस्लीप दिलं, उठल्यावर शून्य.

गंमत पुढे आहे. बोर्ड पुरवणाऱ्यांनी दिलेल्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टर जपायचं आणि परत भरायचं फंक्शन लिहिलेलं होतं, आणि चांगलं लिहिलेलं होतं. पण ते जोडलं होतं रनटाइम पीएमला. म्हणजे टायमर कोणी वापरत नसेल, तर त्याला विश्रांती देताना जपायचं. आमचा टायमर सतत वापरात, त्यामुळे तो क्षण कधी येतच नव्हता. अख्खी सिस्टीम झोपते तेव्हाची हाक वेगळी असते, तिथं ड्रायव्हरने कान दिलेला नव्हता. ज्याला गरज नाही त्याचं सामान बांधून ठेवलंय, आणि कामावरच्याचं वाऱ्यावर! असा कोड वाचनात सहज निसटतो, कारण ‘सेव्ह’ आणि ‘रिस्टोअर’ ही नावं दिसली की वाचणारा पुढे सरकतो.

सिस्टीम सस्पेंड आणि रिझ्यूमला, म्हणजे अख्खी सिस्टीम झोपते आणि उठते त्या हाकांना, तीच फंक्शनं जोडली. परत भरताना क्रम महत्त्वाचा. आधी टीएलडीआर, टीसीआरआर, टीएमएआर, मग इंटरप्ट, आणि टीसीएलआर सगळ्यात शेवटी, कारण चालू करायचा बिट त्यात आहे. तो आधी लिहिला तर टायमर शून्यापासून धावत सुटतो, आणि त्याचा ३२ बिटांचा आकडा भरून उलटायला २४ मेगाहर्ट्झवर जवळपास १७९ सेकंद लागतात. शिवाय या टायमरला लिहिलेलं लगेच पोचतंच असं नाही. पोस्टेड पद्धतीत टीडब्ल्यूपीएस रजिस्टर बघून आधीचं लिखाण उतरलंय का ते तपासावं लागतं.

टीसीआरआर, म्हणजे चालता आकडा, जुनाच परत ठेवला. लहर काढायला तो टीएलडीआरच्या पुढे कुठूनही सुरू झाला तरी बिघडत नाही. वेळ मोजणाऱ्या टायमरला मात्र असं चालत नाही. आमचंच बघा. पेटी ‘मागची बॅच होऊन किती वेळ झाला’ हे लिनक्सच्या मोनोटॉनिक घड्याळावरून मोजायची, आणि ते घड्याळ झोपेतला वेळ धरत नाही. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “पेटी झोपली म्हणून वाळू वाळायची थांबतीय व्हय?” सोमवारभर हॉपरमध्ये पडलेल्या वाळूला पहिल्या बॅचला पाणी जास्त लागतं. तिथं बूटटाइम घड्याळ वापरलं, ते झोपही मोजतं.

नवीन कर्नल टाकून डीपस्लीप दिलं. उठल्याबरोबर १८४३ आणि वॉल्व्ह उघडला. मी खूश, आणि आप्पा ओरडले, “अहो, मुलर बंद हाय!” पाणी थांबलेल्या पात्यांवर पडत होतं. स्विच बंद केला, तळाशी चिखल झाला तो झालाच.

संध्याकाळी यावर माझा आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोनवर वाद झाला. तो म्हणे, ड्रायव्हरने परत काही चालू करूच नये, ज्याचा वॉल्व्ह त्याने बघावं. माझं म्हणणं, ड्रायव्हरने जसं होतं तसं परत द्यावं. झोपायच्या आधी वॉल्व्ह बंद करणं वरच्या प्रोग्रामचं काम, मग परत येईल तेही बंदच. शेवटी माझा पॅच राहिला, पण त्याच्या अटीवर : झोपण्याआधी प्रोग्राम पीडब्ल्यूएम शून्यावर आणून बंद करणार, आणि मुलरचा काँटॅक्टर, म्हणजे मोटर चालू करणारा विजेचा स्विच, ओढल्याची खूण पेटीला मिळाल्याशिवाय ते चालू करणार नाही. त्या खुणेसाठी काँटॅक्टरच्या जादा काँटॅक्टवरून पेटीपर्यंत वायर ओढावी लागणार होती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, त्याला पॅनेल बंद पाहिजे. काम सोमवारवर गेलं. तोवर स्क्रीनखाली आप्पांनी खडूने लिहून ठेवलं : ‘आधी मुलर, मग पेटीचा मेन.’