पाचवं मशीन

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन्स बघते. म्हणजे बेड, बिलं, लिफ्टची दुरुस्ती आणि इन्शुरन्सवाल्यांशी रोजची हुज्जत. चार वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ नेफ्रॉलॉजिस्ट सरांनी मला सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या किडनी ट्रस्टवर ओढलं. विश्वस्त झाले, हे आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, “पगार किती?” काहीच नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग महिन्याचा तो रविवार इकडे आली असतीस तर निदान जेवली तरी असतीस.”

ट्रस्टचं डायलिसिस सेंटर तालुक्याच्या गावी. चार मशीनं, तीन पाळ्या. पहिल्याच मीटिंगला मी लॅपटॉप उघडून रंगीत तक्ता दाखवला. सकाळी साडेसहाच्या पाळीत गैरहजेरी सगळ्यात जास्त. एक काका तर महिन्यात पाच वेळा आले नव्हते. मी सुचवलं, लागोपाठ तीनदा न आलेल्याची जागा वेटिंग लिस्टमधल्याला द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याची मॅडम, तक्ता घेऊन आलेली, कोण बोलणार?

पुढचा विषय होता ट्रान्सप्लांटसाठी पेशंट कुठे पाठवायचे. आमच्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट होतात, त्यामुळे या विषयाला मी खोलीबाहेर जाते. ही अट मीच घातली होती आणि मिनिटबुकात तशी नोंदही होते. तर त्या दिवशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी एक काकू मोबाइलची बॅटरी वाचवत बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं, त्या तक्त्यातल्या पाच वेळा न आलेल्या काकांच्या पत्नी.

“साडेसहाला कसं गाठायचं, बाई? आमच्याकडनं पहिली गाडीच साडेआठला पोचती.” मग आदल्या रात्रीच यायचं आणि स्टँडवर झोपायचं. थंडीत काकांना ते झेपत नव्हतं. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होतं, त्याचा पैसा लागत नाही. पण सोबत आलं की काकूंची दोन दिवसांची मजुरी जाते. आठवड्यातून तीनदा करायला हवं ते दोनदाच होतं, त्यातलंही एक चुकलं की अंगावर पाणी चढतं, दम लागतो. पोटॅशियम वाढलं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. माझ्या तक्त्यात हे सगळं एका लाल चौकोनात होतं: नो-शो.

आत जाऊन मी माझा ठराव मागे घ्यायला लावला. गावातलेच एक निवृत्त मास्तर दुपारच्या पाळीला यायचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “मला काय, मी चारलाच उठतो.” झाली अदलाबदल. आधी का नाही केली? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच काकूंच्या पिशवीत एक स्टीलचा पेला असतो. काकांना दिवसभरात पाणी, चहा, आमटीचं वरचं पाणी, सगळं धरून एक लिटर. पेल्यावर त्यांनी नेलपॉलिशने रेघ ओढली आहे. उन्हाळ्यात काका माठाकडे बघत बसतात, म्हणून माठ शेजाऱ्यांच्या घरी ठेवलाय.

आणि मशीनला पाणी किती लागतं? मिनिटाला अर्धा लिटर. चार तासांत 120 लिटर, एका माणसामागे. चारही मशीनं तिन्ही पाळ्या चालली की दिवसाला 1440 लिटर शुद्ध पाणी झालं, आणि तेवढं मिळवायला आरओ प्लांट बरंच पाणी बाहेर फेकतो, ते वेगळंच. आपण पितो ते पाणी निदान पोटातून गाळून जातं. इथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. पाण्यात क्लोरिन राहिलं तर रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून आमचा टेक्निशियन रोज पहाटे आधी क्लोरिन काढणाऱ्या कार्बन फिल्टरचं पाणी तपासतो, मग मशीन सुरू करतो. इतकी वर्षं मी डायलिसिस मशीनच्या खरेदीवर सह्या केल्या, पण आरओच्या खोलीत पाय ठेवला तो इथे.

गेल्या महिन्यात एक देणगीदार पाचवं मशीन द्यायला तयार झाले. वडिलांच्या स्मरणार्थ. पाटीवर ‘कैलासवासी’ की ‘स्वर्गीय’ यावर मीटिंगमध्ये वीस मिनिटं गेली. मी सिस्टरांकडे पाहिलं, त्या छताकडे बघत होत्या. एप्रिलपासून बोअर आटत आलाय, एक दिवसाआड टँकर येतो, आरओचे मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पडदे, शेवटच्या घटका मोजतायत. पाचव्या मशीनला पाणी कुठलं?

मग मीच त्यांना फोन केला. मशीनऐवजी मोठी टाकी आणि नवा आरओ द्या म्हटलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, “मॅडम, टाकी गच्चीवर. वडिलांचं नाव तिथे वाचणार कोण?”

प्रश्न चुकीचा नव्हता. मला लगेच उत्तर सुचलं नाही. रविवारी या, एवढंच म्हटलं. ते येणार आहेत. मी दोन ठिकाणची कोटेशनं मागवली आहेत आणि काकूंना, तो पेला घेऊन बाकावरच बसा, असं सांगून ठेवलंय.