जहाज थांबत नाही

आज परभणीला काकांकडे होते. काका-काकू क्रूझवर निघालेत. काकांची खात्री की एसटीच्या कंडक्टरसारखं कुणीतरी मागं राहिलेल्यांसाठी बघेलच. मी मार्च 2024 ची गोष्ट सांगितली. आफ्रिकेतल्या साओ टोमे बेटावर 8 प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. जहाज समोर नांगरलेलं, तरी वर घेतलं नाही. पाठलाग करत गांबियाला पोचले, तर भरती-ओहोटीमुळे जहाज तिथं लागलंच नाही. शेवटी सेनेगल गाठावं लागलं.

"म्हाताऱ्या माणसांना असं कसं सोडून जातेत?" काकू म्हणाल्या. मलाही ते निर्दयीच वाटतं.

काकांना बजावलंय, घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, बंदरावर उतरून फिरायची सहल जहाज कंपनीचीच घ्या. तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. बीपीच्या गोळ्या, पासपोर्टची झेरॉक्स आणि थोडी रोकड काकूंच्या पर्समध्ये मीच भरली.