सीईपीचे 60 तास आणि परवानगीचा एक कागद

बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कम्युनिटी एंगेजमेंटचे (सीईपी, कॉलेजबाहेर लोकांत जाऊन करायचं काम) 2 क्रेडिट आहेत, म्हणजे 60 तास. जिल्हा परिषद शाळेत जायचं आणि आठवीच्या मुलांना सोबत घेऊन त्यांच्याच गावच्या पाण्याची दुष्फेनता (हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा) मोजायची, असं आमच्या गटाने ठरवलं. मॅडमनी विषय लगेच मान्य केला. अडलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात.

तिथे म्हणाले, आधी शाळेची संमती आणा. शाळा म्हणे, वरून परवानगी आल्याशिवाय आम्ही लेखी कसं देणार? अर्ज आवक-जावकला दिला, तर पुढच्या खेपेला तो टेबलावर आलेलाच नव्हता. साहेब कधी मीटिंगला, कधी जिल्ह्याला. शेवटी अर्ज सापडला, तेव्हा ‘रसायने’ या शब्दाखाली लाल रेघ होती. मुलांच्या अंगावर काही उडालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्तच आहे. पण तो पहिल्या दिवशी विचारला असता, तर उत्तरही पहिल्या दिवशी मिळालं असतं. प्रॅक्टिकल बुडवून त्या बाकावर काढलेला वेळ 60 तासांत धरत नाहीत, याचा राग मला अजून आहे.

वाट दाखवली केंद्रप्रमुखांनी. अर्जात उद्दिष्टं कमी लिहा, सामानाची यादी जोडा, असं ते म्हणाले. काय, किती, कोण हाताळणार. मुलांच्या हातात हळद, जास्वंदीचा अर्क, लिंबू, खाण्याचा सोडा. ईडीटीए (दुष्फेनता मोजायचं रसायन) आणि अमोनियाचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फक्त आमच्याकडे, गॉगल घालून, मॅडमसमोर. तीव्र आम्ल शाळेत न्यायचंच नाही. आणि मुख्याध्यापकांनी ‘परवानगी मिळाल्यास शाळेची हरकत नाही’ एवढं एकच वाक्य लिहून दिलं. त्यावर सही झाली. हे वाक्य तुम्ही पहिल्याच भेटीत मागून घ्या.

शाळेतला दिवस मात्र फार छान गेला. ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, तोटीच्या काचेच्या नळीतून) ईडीटीए थेंब थेंब सोडताना लालसर पाणी निळं झालं, तशी मुलं ओरडलीच. 50 मिली नमुना आणि 0.01 मोलर ईडीटीए घेतलं की ब्युरेटच्या आकड्याला 20 ने गुणायचं, लिटरला किती मिलिग्रॅम दुष्फेनता (कॅल्शियम कार्बोनेट धरून) ते निघतं. हा गुणाकार मुलांनीच केला. बोअरचं पाणी 520 निघालं. भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. डाळ का शिजत नाही, हे एका मुलीने आपणहून सांगितलं, तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला.

बफरचा वास उग्र असतो, म्हणून टायट्रेशन (ब्युरेटने थेंब थेंब मोजणं) व्हरांड्यात करा. अर्जाची पोच घ्या, तारीख आणि आवक क्रमांकासह. ती नसेल तर प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात. निकालाचा कागद ग्रामपंचायतीलाही द्या आणि नमुना कुठल्या बोअरचा, कधी घेतला, हे त्यावर नक्की लिहा.